चौथ्या कवितेतली चूक

सोमवारी सकाळी साडेदहाला माझ्या हातून शर्ट जळाला. जळाला म्हणजे भोक पडलं नाही. पाठीवर, खांद्याच्या जरा खाली, इस्त्रीचं टोक उमटलं, फिक्या चहासारखं. गिऱ्हाईक वकील. एक्केचाळीस वर्षं हे धुलाईचं दुकान चालवतेय, आणि एवढ्या वर्षांत माझ्या इस्त्रीनं लोकांचे डाग झाकले असतील, दिले नाहीत. सून खुंट्यांवर कोट अडकवत होती. तिनं पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. मी चुकेन म्हणून ही बाई वीस वर्षं टपून बसलेली, आणि सापडलं तेव्हा कोटाची बटणं लावत राहिली. मुलगा म्हणाला, "आई, प्लग सैल झालाय बहुतेक." प्लग सैल नव्हता. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला माझी नात वह्यापुस्तकं पसरून कॉलेजचा निबंध लिहीत होती आणि मोठ्यानं वाचत होती, कारण मनात वाचलं की तिला झोप येते. "चादर मोरीत होती," तिनं वाचलं, तेव्हा मी शर्टाचा खांदा फिरवून पाठ इस्त्रीखाली घेतली होती. "आईने भट्टीवरचा हंडा उचलला," तिनं वाचलं, आणि माझा हात होता तिथंच राहिला. इस्त्री कुणासाठी थांबत नाही.

शर्ट बाजूला ठेवून मी विचारलं, "हे काय वाचतेस?" ती म्हणाली, निबंधाला आहे, एकाच कवीच्या चार कविता घ्यायच्या आणि त्यांतलं तंत्र आणि भावना यांची तुलना करायची. "कवी कोण?" "कवयित्री," ती म्हणाली, आणि पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "आत्या." माझ्या थोरलीचा विषय आमच्या दुकानात तेवीस वर्षांत कुणी काढला नव्हता. मुलगा भट्टी बघायला आत गेला. भट्टी तेव्हा बंद होती. नात सांगत राहिली, एकदा तोंड उघडलं की मिटायचं नाही हे तिनं आईकडून घेतलंय: पुस्तकाच्या पाठीवर फोटो आहे, आडनाव दुसरं आहे पण नाक तुझंच आहे आजी, मग मी प्रकाशकाकडून नंबर मिळवला, दोन महिने झाले आम्ही बोलतो. दोन महिने. माझ्या ताटाला ताट लावून ही जेवत होती आणि तिकडे बोलत होती. "शुक्रवारी ती आमच्या कॉलेजात येणारेय. बाई एक निबंध निवडून तिच्यासमोर वाचायला लावणार आहेत. आणि तिनं तुला एक निरोप दिलाय." "मला निरोप नकोत." "आजीला एवढंच विचार म्हणाली, की चौथी कविता खरी आहे का. खरी म्हणाली तर मी कॉलेजातून थेट घरी येते. खोटी म्हणाली तर नाही येत." "आणि आधीच्या तीन?" "त्यांचं काही बोलली नाही." खुंट्यांजवळ बटणं लावणं थांबलं होतं. मी म्हटलं, "वाच. चारही वाच. माल बघितल्याशिवाय मी पावती करत नाही."

पहिली 'आईचे हात'. "दिवस उगवता निळ्या पाण्यात बुडती आईचे हात, चार घरांची मळली लाज ती पिळते एका श्वासात." नातीनं डोलत डोलत वाचली आणि बोटांवर मात्रा मोजून दाखवल्या. कुठं एक कमी नाही की जास्त नाही. ही म्हणे शाळाशाळांतून पाठ करून घेतात. आमच्याकडे एक हॉटेलवाला जेवणाच्या टेबलावरचे रुमाल पाठवतो, त्यांना खळ भरपूर लागते, कारण रुमालाची टोपी करून ताटात उभी करायची असते. खळ जास्त झाली की कापड आपलं आपण उभं राहतं, आत कुणी असावं लागत नाही. तशी ही कविता. त्यात हात आहेत पण माझे नाहीत. माझ्या हातांना भेगा होत्या, भेगांत सोडा जायचा, आणि गेला की समोर जो असेल त्याचा उद्धार व्हायचा. समोर थोरलीच असायची. लहान असताना ती निळीच्या टोपाशी उकिडवी बसून माझ्याकडे अशी टक लावून बघायची की मला वाटायचं ही पोर माझा हिशेब ठेवतेय, आणि मी ओल्या हाताचा एक फटका द्यायचे, नुसत्या बघण्याबद्दल. ते कवितेत कुठंच नाही. "संयत आहे गं," नात म्हणाली. मी म्हटलं, "संयत नाही, कडक आहे. घाबरून लिहिलेली आहे." तिनं ते वहीत उतरवून घेतलं. मी चौथी नापास, आणि कॉलेजातली पोर माझं बोलणं उतरवून घेतेय; बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसरीला यमक नाही, ओळी कुठंही तुटलेल्या. "आज दुपारी दोन तास मी सतरा नंबर होते. सतरा नंबरला वडील मोटारीतून सोडतात. सतरा नंबरला कुणी अगं म्हणत नाही." नात हसली. आमच्याकडे प्रत्येक घराला एक नंबर असतो, कॉलरच्या आत खुणेच्या शाईनं घालतो, धुतला तरी जात नाही. सतरा म्हणजे कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या डॉक्टरीणबाई, त्यांच्या मुलीचा फ्रॉक, फिकट हिरवा, कमरेला चुण्या. थोरली अकरा वर्षांची होती. मागच्या खोलीत आरशासमोर तो घालून उभी होती आणि पुढं काउंटरवर डॉक्टरीणबाई पावती घेऊन. मी तिला दंडाला धरून बाहेर आणलं आणि तिथंच, बाईंच्या समोर, फ्रॉक डोक्यावरून ओढून काढला. "असू द्या हो, मूल आहे," बाई म्हणाल्या. मी म्हटलं, "मूल नाही, चोर आहे." ती शमीजवर उभी राहिली, हात कुठं ठेवावेत हे न कळून. मी फ्रॉकवरून पुन्हा इस्त्री फिरवली, घडी केली, कागदात बांधला, बाईंनी दारातून मागं वळून बघितलं, आणि ती अजून उभीच होती. कवितेत यातलं काही नाही. फक्त दोन तास आहेत, मोटार आहे, आणि शेवटी "मग सतरा नंबर आपल्या घरी गेली." एवढंच. मी नातीला म्हटलं, "ही पहिलीपेक्षा बरी. ढगळ दिसते, पण अंगावर बसते." "भावना कुठली आहे पण?" तिनं विचारलं. "बाई म्हणतात मत्सर." मी म्हटलं, "लिही मत्सर."

तिसरी बापावर. ती मी पुरती ऐकलीही नसती. "बाबा, तुमच्या सावलीशिवाय हे ऊन कसे सोसू, कसे सोसू, कसे सोसू." तीनदा. एकदा सोसलं असतं तर मला कळलं असतं. आमचे हे म्हणजे गोड माणूस. काउंटरवर बसून गिऱ्हाइकांना विनोद सांगायचे, मुलांना गोष्टी सांगायचे, आणि घरात काही पेटलं की रेडिओचा आवाज वाढवायचे. त्यांची सावली होती हे खरं, पण ती खुर्चीवर पडायची. अर्धवट ओलं कापड घडी करून कपाटात ठेवलं की चार दिवसांनी वास मारतं, मग कितीही अत्तर शिंपडा. तिनं रडणं वाळू दिलं नाही, तसंच घडी करून छापायला दिलं. "पण आजी, ही वाचताना वर्गातल्या निम्म्या मुली रडल्या," नात म्हणाली. "रडणारच. त्यांचे बाप जिवंत असतील." सुनेला हसू आलं आणि तिनं ते कोटात लपवलं.

मग चौथी. या वेळी मी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून ऐकली. "चादर मोरीत होती. आईने भट्टीवरचा हंडा उचलला. कढत पाणी बादलीत, बादलीतून चादरीवर. मी म्हटले, थंड. आई म्हणाली, तू बोलू नकोस. डाग बसला. आम्ही दोघींनी तो वाळत घातला." एवढीच. ना खळ, ना अत्तर. नात म्हणाली, "बाईंच्या मते ही पहिल्या पाळीची कविता आहे. कढत पाणी म्हणजे समाजाचं प्रतीक." लोकांना जे वाटतं ते वाटू द्यावं, त्यांचं अंग झाकलेलं राहतं आणि आपलंही.

ती एकोणीस वर्षांची होती. मला कुणी सांगितलं नव्हतं. धुण्याच्या घरात सांगावं लागत नाही. तिचे पाळीचे कपडे दोन महिने धुवायला आले नाहीत, तिसऱ्या महिन्यात मला कळलं. कोण होता ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. त्याच आठवड्यात वसतिगृहाची ब्लँकेटं आली होती, साठ. मोठं मशीन होतं आमच्याकडे. मी म्हटलं, मशीन बिघडलंय, हातानं काढायची. मशीन बिघडलेलं नव्हतं. ब्लँकेट ओलं झालं की माणसाएवढं जड होतं, पिळायला दोघं लागतात, मी तिला एकटीला लावलं. आणि पिळून झालं की तीन जिने चढून गच्चीवर. आमचे हे काउंटरवरून बघायचे, ती तिसऱ्यांदा कठड्याला धरून थांबली तेव्हा त्यांनी रेडिओ लावला. दिवसाला सात-आठ ब्लँकेटं. पाचव्या दिवशी टाकीपलीकडून तिनं माझ्याकडे बघितलं, तसंच, लहानपणी निळीच्या टोपाशी बसून बघायची तसं, आणि मला कळलं की तिला कळलंय. तिनं 'नको' म्हटलं नाही. खाली वाकली आणि पुढचं उचललं. एकदा म्हणाली असती तर मी काय केलं असतं, ते मला आजही सांगता येत नाही; कधी वाटतं थांबवलं असतं, कधी वाटतं आणखी दहा मागवली असती. माझ्याच पोटची, तिच्यातही ताठा होता. साठावं ब्लँकेट वाळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला चादर मोरीत होती, आणि ती भिंतीला टेकून, पाय पोटाशी घेऊन बसली होती.

रक्ताला गार पाणी. मूठभर मीठ, गार पाणी, आणि घाई करायची नाही. ती पाच वर्षांची असताना तिचा गुडघा फुटला होता, तेव्हा तिच्याच फ्रॉकवर मी तिला हे शिकवलं होतं. कढत पाण्यानं रक्त शिजतं, धाग्यात बसतं, मग देव खाली उतरला तरी निघत नाही. आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरही ही चूक करणार नाही. मी केली. गार पाण्याचं पिंप उजव्या हाताला होतं आणि मी चार पावलं आत जाऊन हंडा उचलून आणला. का, ते मला ठाऊक नाही. वाफ तोंडावर आली तेव्हा ती म्हणाली, थंड, आई, थंड. आणि मी ओतलं. चार महिन्यांनी ती घर सोडून गेली तेव्हा पिशवी हातात घेऊन दारात थांबली. मला वाटलं, आता ब्लँकेटांचं काढणार. त्याला मी तयार होते, उत्तर घोकून ठेवलं होतं. ती म्हणाली, "एकदा म्हण ना, ते कढत पाणी तू ओतलंस." मला वाटलं पोरगी जाता जाता माझ्या कामाला नावं ठेवतेय, जिनं धुवायला शिकवलं तिचीच चूक काढतेय. मी म्हटलं, "चालायला लाग." ती चालायला लागली.

आणि आता सोमवारी, तेवीस वर्षांनी, तेच. खरी म्हण. नात पेन धरून वाट बघत होती. मी म्हटलं, "लिहून घे. कवयित्री धुलाईवालीची मुलगी आहे असं पहिल्या दोन कवितांवरून दिसतं. आणि धुलाईवालीच्या मुलीला एवढं ठाऊक नाही की रक्तावर कढत पाणी ओतत नाहीत. म्हणजे हे पाहिलेलं नाही, रचलेलं आहे. शब्द साधे आहेत, तो साधेपणा वरचा. तीन कवितांत निदान काहीतरी धुतलंय. चौथीत नुसता डाग दाखवायला डाग पाडलाय." नातीचं पेन धावत होतं. "आजी, हे कुणाला सुचलेलं नाही. बाईंनासुद्धा नाही." मग ती थांबली. "म्हणजे खोटी ना? तिला तसं कळवू?" "तू कळवू नकोस. निबंधच वाचून दाखव." सून म्हणाली, "आई, एवढ्या वर्षांनी यायचं म्हणतेय ती." मी म्हटलं, "तू बटणं लाव."

कुणाला वाटेल मी दार लावून घेतलं. तसं नव्हतं, हे मी कुणाला सांगितलं नाही. मी माझ्या लेकीला ओळखते असं मला वाटत होतं. तिला खोटं म्हटलेलं सोसत नाही. लहानपणी वर्गात कुणी खोटारडी म्हटलं तर ती त्याच्या घरापर्यंत जायची भांडायला. चारशे पोरांसमोर तिच्या कवितेला खोटी म्हटलं की ती तिथून उठेल ती थेट इथंच येईल, भांडायला का होईना येईल, याच काउंटरला धरून उभी राहील आणि म्हणेल, तूच ओतलंस. मग बघता आलं असतं. कुणी अंगावर आलं की मला बोलता येतं. कुणी हात जोडून विचारलं की माझी जीभ उचलत नाही. मंगळवारी मी मागची खोली आवरून घेतली, ढेकूण झालेत म्हणून. बुधवारी मुलगा म्हणाला, "आई, येईल का गं ताई?" ती गेली तेव्हा तो अठरा वर्षांचा होता, आठ दिवस जेवला नव्हता. मी म्हटलं, "मला काय ठाऊक. तुझा शर्ट दे इकडे, कॉलर बघ कशी झालीय." गुरुवारी काउंटरचं लाकूड तेल लावून पुसलं. मनात वाक्यं जुळवत होते. ती म्हणेल ओतलंस, मी म्हणेन हळू बोल, गिऱ्हाइकं आहेत. ती म्हणेल म्हण ना एकदा. मी म्हणेन आधी आत ये. तिथपर्यंत जमत होतं. पुढचं ती घरात आल्यावर सुचेल असं वाटत होतं.

शुक्रवारी पाचला नात आली. एकटी. मी तिच्या मागं रस्त्याकडे बघितलं, तर ती म्हणाली, "रिक्षा सोडली मी." तोंड नुसतं फुललेलं. तिचाच निबंध निवडला होता, तिनंच वाचला, पहिला नंबर. मुलगा इस्त्री केलेला शर्ट घालून मधोमध उभा होता. "ताई?" त्यानं विचारलं. "सांगते ना. शेवटचा मुद्दा वाचला तर बाई आत्याकडे बघायला लागल्या. मला वाटलं आता चिडणार. पण ती चिडलीच नाही. तिनं विचारलं, हा मुद्दा तुझा का? मी म्हटलं, आजीचा. तर म्हणाली, बरोबर आहे आजीचं, रक्तावर कढत पाणी कुणी ओतत नाही." नातीनं पाण्याचा पेला भरून घेतला, अर्धा प्यायली. मी विचारलं, "आणखी काय म्हणाली?" "काहीतरी विचित्रच. म्हणाली, माझ्या आईच्या हातून धुण्यात कधी चूक झाली नाही, ती एकदाच झाली असं मला वाटत होतं. मी इतकी वर्षं असं धरून चालले होते की त्या दिवशी तिचे हात तिच्या ताब्यात नव्हते. ती घाबरली होती, माझ्यासाठी. म्हणाली, बाकी काही नाही, माझ्याकडे तिचं तेवढंच होतं. पण ती म्हणते असं झालंच नाही, तर मग नसेल झालं. मला ताप होता तेव्हा, म्हणाली. तापात काहीही दिसतं." "आणि मग?" "मग चहा होता. नव्या आवृत्तीत ती कविता घेणार नाही म्हणाली. माझ्या वहीवर सही दिली, बघ. साडेचारच्या गाडीनं गेली."

मुलगा भट्टीकडे गेला. या वेळी ती चालू होती. मी काउंटरच्या लाकडावर हात ठेवून उभी होते आणि मला ती मोरी दिसत होती, पण थोरलीच्या बाजूनं, खालून, भिंतीला टेकून बसलेल्या माणसाला दिसेल तशी. आणि हंडा धरलेली बाई. त्या बाईचे हात मी कधी पाहिले नव्हते. हंडा हलत होता. पाणी बादलीत पडायच्या आधी थोडं तिच्या पायावर सांडलं होतं, पायाला नंतर फोड आले होते, ते मी भट्टीचे म्हणून सांगितले होते. ब्लँकेटं माझी होती. साठही माझी. पण तो हंडा ज्या बाईनं उचलला तिला मी त्या दिवसापासून घरात घेतलं नव्हतं, आणि माझ्या लेकीनं तिला तेवीस वर्षं जपून ठेवलं होतं, सात ओळींत, आणि आज चहा पिता पिता सोडून दिलं.

"ओतलं होतं मी," मी म्हटलं.

"काय?" नात वहीतली सही निरखत होती.

"कढत पाणी. कविता खरी आहे. तिला फोन लाव, गाडीत असेल, लाव. ओतलं होतं मी."

नातीनं माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, मग हसून माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हाताऱ्या माणसाच्या खांद्यावर ठेवतात तसा. "अगं आजी, असं कुणी करतं का? तूच नाही का सांगितलंस? आता तिला वाईट वाटलं म्हणून तू असं म्हणतेयस. तिला बिलकूल वाईट वाटलं नाही, खरंच. हसत होती." मी म्हटलं, "माझ्या हातून चूक झाली." नात सुनेला म्हणाली, "आई, आजीला बसव ना जरा. सारखी चारपाच दिवस ती कविता डोक्यात घेऊन बसलीय."

सून खुंट्यांपासून आली. इतकी वर्षं ती माझ्या घड्या उलगडून बघायची, कॉलरी उजेडाला धरायची, मला ठाऊक नाही असं तिला वाटायचं. तिनं माझ्यासाठी स्टूल ओढलं, मला बसवलं, आणि गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात, अगदी मनापासून म्हणाली, "काहीतरीच काय आई. तुमच्या हातून अशी चूक होणं शक्यच नाही."

वीस वर्षांत तिनं माझी बाजू घेतली ती ही एकदाच.